दुसऱ्याच्या पायांचा नवस

"नवस बोलायचाच झाला तर आपल्या अंगाचा बोलावा, पोरी. दुसऱ्याच्या पायांवर नवस बोलणं म्हणजे शेजाऱ्याची म्हैस देवळाला दान करणं. देव हो म्हणतो गं. शेजारी कुठे म्हणतो?"

आमाने हे सांगितलं तेव्हा नुअन तिच्याशेजारी बसून पपनस सोलत होती आणि पोटातला मू लाथा झाडत होता. सूक्ष्मजीवशास्त्राची पदवी घेतलेल्या मुलीने आजेसासूच्या म्हशीकडे लक्ष तरी किती द्यायचं? तिने एक फोड आमाच्या तळहातावर ठेवली, "हो आमा" म्हणाली, आणि म्हैस विसरून गेली.

ती म्हैस आज थेट हॉटेलच्या हिरवळीवर येऊन उभी राहिली होती.

आमाला चौऱ्याऐंशी पूर्ण झाली होती. म्हणजे बारा वर्षांचं चक्र सातव्यांदा फिरलं. अशा वाढदिवसाला घरातला कुणी गैरहजर राहिला तर लोक तोंडात शेण घालतात. म्हणून सगळे आले होते. नुअनचे सासरे, पा, तेसुद्धा आले होते, आणि तीच खरी बातमी होती. कारण चाओ फ्राया नदीच्या काठावरचं हे हॉटेल जिथे उभं होतं तिथे सहा वर्षांपूर्वीपर्यंत घरची भाताची गिरणी होती. पांच्या थोरल्या बहिणीने, कोऊने, आमाचा अंगठा घेऊन ती विकली. पांनी उरलेली यंत्रं उचलली, नदीच्या वरच्या अंगाला नखोन सवानला नेली आणि जाताना धक्क्यावर उभं राहून शपथ घेतली : या जागेवर माझं पाऊल पुन्हा पडणार नाही. तेव्हापासून बहीणभावांत शब्द नव्हता. जे काही बोलायचं ते तिसऱ्याच्या तोंडून.

दुपारी हॉटेलची नाव घंटा वाजवत धक्क्याला लागली, आणि पा उतरले ते आधी खाली बघत. पायांत काळे चकचकीत बूट.

"पा, बूट झकास आहेत," वित म्हणाला. नुअनचा नवरा बापाशी बोलायचं असलं की आधी कपड्यांवरून सुरुवात करी. "नवे?"

"याच कामासाठी घेतलेत. माझं पाऊल पडणार नाही म्हणालो होतो, ते पडणार नाहीच. पडतंय ते बुटांचं. उद्या नावेत बसलो की नदीत भिरकावून देणार."

"नदीत कचरा टाकायला बंदी आहे, पा."

"मग तुला देईन."

नुअनची नजर बुटांवर गेली. वरून चकचकीत होते खरे, पण टाचा बाहेरच्या अंगाने झिजल्या होत्या. नव्या बुटांच्या टाचा? तिच्या डोक्यात ही गोष्ट टाचणीसारखी टोचली. पण तेवढ्यात छातीशी बांधलेला मू खोकला, आणि नुअनचं जगातल्या इतर सगळ्या टाचांवरचं लक्ष उडालं.

खोकला सकाळपासून होता. बारकासा, कोरडा. वितच्या मते तो खोकला नव्हताच, "तो बोलायला शिकतोय." पण ज्या आईने आपल्या दोन महिन्यांच्या बाळाच्या नाकात नळी पाहिली आहे, तिला खोकल्यातलं आणि बोलण्यातलं अंतर कुणी शिकवू नये. मू आता दहा महिन्यांचा, गुबगुबीत, दोन दातांचा धनी होता. तरी तो झोपला की नुअन दिसेल त्याला सांगायची, "जरा बघता का? छातीवर हात ठेवू नका, जागा होतो. नाकाखाली नुसतं बोट धरायचं. श्वास चालतोय ना, एवढंच." सामान घेऊन आलेल्या माणसाने बोट धरलं होतं. खोलीत ऑर्किड ठेवायला आलेल्या मुलीने धरलं होतं. लिफ्टमधल्या एका परदेशी आजीबाईंनी तर खुणा समजून दोनदा धरलं, आणि वर म्हणाल्या, किती सुंदर बाळ!

"शी! सुंदर कसलं?" कोऊ तिथल्या तिथे कडाडली होती. "मेलं माकड आहे नुसतं! नाक बघा, चेपलेलं!" आणि आजीबाई खाली उतरल्यावर तिने मूच्या चेपल्या नाकाचा मुका घेतला. उगीच नाही त्याचं नाव मू, म्हणजे डुक्कर, ठेवलं होतं. दृष्टीला फसवायचं तर घरच्यांनी एकमत ठेवावं लागतं.

चहाच्या वेळी सगळे नदीकाठच्या हिरवळीवर बसले. हिरवळीच्या टोकाला, चाफ्याच्या झाडाखाली चाओमेचं देऊळ होतं. गिरणीची राखणदार देवी. गिरणी गेली, भुसा गेला, हमाल गेले, वजनकाटा तर हॉटेलवाल्यांनी फुलं भरून दिवाणखान्यात शोभेला ठेवला. पण चाओमेला हलवायची छाती कुणाची झाली नाही. तिच्यापुढे लाल सरबताच्या बाटल्या नळी घालून ठेवल्या होत्या आणि झेंडूच्या माळा इतक्या, की देवीचा फक्त एक डोळा बाहेर दिसत होता. तो एक डोळा जेवणापासून नुअनकडेच बघत होता.

पा खुर्चीच्या अगदी कडेवर बसले होते, बसलेत असं कुणाला वाटू नये इतपत. पुढ्यात तीन मजली तबक आलं होतं, त्यातल्या कशालाही न शिवता त्यांनी घरून आणलेला डबा उघडला आणि खारवलेलं अंडं सोलायला घेतलं.

"वित," कोऊ म्हणाली, "तुझ्या बापाला सांग, इथलं अन्न विषारी नाही."

"पा, कोऊ म्हणतेय..."

"ऐकलं. तिला सांग, माझ्या आजोबांच्या धक्क्यावर बसून मी विकतचा केक खाणार नाही."

"कोऊ, पा म्हणतायत..."

"त्याला सांग, आजोबा धक्क्यावर बसून अफू ओढायचे. ती मागवू का?"

आमा चाकाच्या खुर्चीत मोगऱ्याच्या माळा घालून झोपली होती, असा सगळ्यांचा समज होता. आमाबद्दलचे बहुतेक समज असेच असत.

मू पुन्हा खोकला. नुअन उठली, कोऊच्या खुर्चीमागे जाऊन वाकली आणि पुटपुटली, "कोऊ, जरा चाफ्याकडे येता? एकट्याच."

कोऊला गुपितांचं फार. ती केकसकट उठली.

आणि मग नुअनने सांगून टाकलं. गेल्या पावसाळ्यात मू समोरच्या काठावरच्या इस्पितळात होता. एका संध्याकाळी डॉक्टर म्हणाले, उद्यापर्यंत वाट बघू, आणि पुढे काहीच बोलले नाहीत. नुअन तिथून निघाली ती सरळ नावेत बसली. कुठे जायचं ते ठरलेलं नव्हतं. तर या धक्क्याला लागली. समोर चाओमे. त्याआधी कुठल्याही देवासमोर तिने आयुष्यात हात जोडले नव्हते, परीक्षेतसुद्धा नाही.

"मी म्हटलं, मूला नळीवाचून श्वास घेऊ दे. मग माझे सासरे तुझ्यापुढे नाचतील."

कोऊच्या तोंडातला केक तोंडातच राहिला.

"कोण नाचेल?"

"पा."

"माझा भाऊ? जो लग्नात टाळ्यासुद्धा आवाज न करता वाजवतो, तो?"

"हो."

"अगं बये, शंभर उकडलेली अंडी बोलायची! सरबत बोलायचं! भाड्याच्या नर्तिका बोलायच्या! सगळं जग तेच बोलतं."

"अंडी मिळतात, कोऊ. मिळतं ते काय बोलायचं? मला वाटलं, जे मिळणारच नाही असं काहीतरी द्यावं. तेव्हा मला सुचलेली सगळ्यात महाग गोष्ट तीच होती." नुअनने मूला वर ओढून घेतलं. "दुसऱ्याच दिवशी नळी काढली. आणि मी आठ महिने पांसमोर तोंड उघडलेलं नाही. आज हा खोकतोय. उद्या पा परत जातील, मग जन्मात इथे यायचे नाहीत. आज फिटला नाही तर हा नवस कधीच फिटायचा नाही."

कोऊने केक गिळला. मूच्या पाठीवरून हात फिरवला. क्षणभर तिचा चेहरा मऊ झाला. मग त्या मऊपणाखालून हळूहळू वेगळंच काही वर आलं, तळ्यातून मगर यावी तसं.

"म्हणजे माझ्या भावाला, सोम्बतला नाचवायचं. या हिरवळीवर. माझ्या डोळ्यांदेखत." तिने नुअनचा हात घट्ट धरला. "पोरी, आजपासून मी तुझ्या बाजूची."

वितला सांगावंच लागलं. त्याने कपाळावर हात मारला.

"पा नाचले तर मी ही नदी पोहून पार करीन. नुअन, तू शिकलेली बाई! हॉटेलवाले नर्तिका पुरवतात, मी विचारतो. मुकुट घालून येतील, चाओमे खूश होईल."

"मी तिला नाव सांगितलंय."

"नुसतं 'पा' म्हणाली असशील."

"पूर्ण नाव. आडनावासकट. दुसरा कुणी सोम्बत नको म्हणून नखोन सवानचा पत्ताही सांगितला."

वित खाली बसला.

कोऊने मात्र मोहीम हाती घेतली. या जागेची माजी मालकीण म्हणून हॉटेलातले सगळे तिला वचकून असत. तिने मंडपात रनात वाजवणाऱ्या म्हाताऱ्याला बोटाने बोलावलं. तो आपलं वाद्य, बांबूच्या पट्ट्यांची होडीच ती, उचलून चाफ्याखाली येऊन बसला आणि लग्नाच्या वरातीत वाजतं तसलं काहीतरी उडतं वाजवू लागला. पलीकडच्या टेबलावरच्या दोन पाहुण्या माना डोलवायला लागल्या. पा अंडं खात राहिले. त्यांची मान म्हणजे गिरणीचा खांब.

"वित, तुझ्या बापाला आठवण करून दे," कोऊ सुरात म्हणाली, "शाळेच्या रामलीलेत हा हनुमानाच्या सैन्यात होता. शेवटच्या रांगेतलं माकड. तेव्हा जाड्या होता ना, उडी मारली आणि फळी मोडून रंगमंचाखाली गेला. शेपूट तेवढं वर."

वितने बापाकडे आयुष्यात प्रथमच आदराने पाहिलं. "पा? माकड?"

"तिला सांग," पा दातांतून म्हणाले, "फळी आधीच कुजलेली होती."

"त्याला सांग, पण नाचायचा मात्र झकास. सगळी शाळा त्या शेवटच्या माकडाकडे बघायची."

"तिला सांग, तिचं काय चाललंय ते मला कळत नाही असं तिने समजू नये. ही वरात वाजवून, चहा पाजून मला इथे रुळवायचं, मग जागा विकली ते बरंच केलं असं माझ्या तोंडून वदवायचं. ते होणे नाही. मी उठतो." आणि डब्याचं झाकण लावून ते खरोखरच उठले. "आमा जागी झाली की सांगा, मी खोलीत आहे."

बेत बुडाला. पा चार पावलं, म्हणजे बुटांची चार पावलं, गेले असतील. मूला खोकल्याची उबळ आली. एक, मग दुसरी, चेहरा लाल होईपर्यंत. नुअन कशी धावली, तिलाच कळलं नाही. ती पांच्या समोर गेली आणि मूला छातीशी धरून गवतावर गुडघ्यांवर बसली.

"पा, नाचा."

रनात थांबला.

"काय?"

"माफ करा पा, पण नाचा. थोडंसं. मी चाओमेला शब्द दिलाय, तुमच्या पायांचा. मूच्या श्वासासाठी. मला विचारायला हवं होतं, पण मूला तेवढी फुरसत नव्हती." आता रडू आवरण्यात अर्थ नव्हता. "आमांनी मला आधीच बजावलं होतं. मी ऐकलं नाही. मला काय करायचं ते करा, घरातून काढा, पण आधी नाचा."

पाहुण्यांनी चहाचे कप खाली ठेवले. वित उठला आणि, कुठे जायचं ते न सुचून, पुन्हा बसला. आता पा कडाडणार म्हणून नुअनने डोळे मिटून घेतले.

पा कडाडले नाहीत.

"कधी बोललीस?" त्यांनी अगदी हळू विचारलं.

"नळी काढली ना, त्याच्या आदल्या दिवशी. संध्याकाळी."

"संध्याकाळी." पांनी घसा साफ केला. "मी सकाळी आलो होतो."

"कुठे?"

पांनी चाफ्याकडे बोट दाखवलं. आणि नुअनच्या डोक्यातली टाचणी टचकन जागी झाली. झिजलेल्या टाचा! हे बूट आजचे नव्हतेच. हे बूट एकदा नाही, चांगले पुष्कळदा या काठावर चालले होते.

"पा! हे तेव्हाचे बूट?"

"तेव्हाचेच. पहिल्यांदा नवस बोलायला आलो. मग फेडायचं कसं ते सुचेना, तर मुदत मागायला येत राहिलो." ते बुटांकडे बघत बोलत होते. "दर महिन्याला. सरबत ठेवून जायचो."

या घरात कुणाला कशाचं नवल वाटेल ते सांगता येत नाही. वितच्या तोंडून फक्त एवढंच आलं : "नावेने?"

"मग काय पोहत?"

"आणि बोललात काय, पा?" नुअनने विचारलं.

पा लाल झाले. मूइतकेच. मग सहा वर्षांत पहिल्यांदा त्यांनी बहिणीकडे तोंड केलं, मध्ये कुणाला न घेता.

"मी म्हटलं, पोरगा वाचला तर माझी बहीण इथे नाचेल."

नदीवरून एक लांबशेपटी होडी फटफटत गेली. तिचा आवाज विरेपर्यंत कोऊने तोंड मिटलं नव्हतं.

"मी? माझ्या गुडघ्यांना विचारलंस, मेल्या?"

"विचारायचं तर तुझ्याशी बोलावं लागलं असतं!"

"मग बोलायचं!"

"मला वाटलं," पा म्हणाले, आणि पुढचं सगळं त्यांनी देवळाकडे बघूनच सांगितलं, "की जगात मला सगळ्यात अवघड काय असेल, तर तुझ्यासमोर हात जोडणं. स्वस्तातलं बोलून चालणार नव्हतं. पोरगा फार... फार लहान दिसत होता."

कोऊ बोलत नाही असा क्षण नुअनने या घरात आल्यापासून पाहिला नव्हता. ती घाबरली आणि सवयीने कुणाला तरी म्हणणार होती की जरा बघा, श्वास चालतोय ना.

"सांगितलं होतं मी," चाकाच्या खुर्चीतून आवाज आला. आमाचे डोळे टक्क उघडे होते, आणि ते उघडून बराच वेळ झालेला दिसत होता. "तुला सांगितलं होतं, तुझ्या सासऱ्याला तो एवढासा असताना सांगितलं होतं. एकजण ऐकेल तर शपथ. या घराण्यात आजवर कुणी स्वतःचा पाय पुढे टाकलेला नाही. सगळे दुसऱ्याच्या म्हशी वाटत फिरतात. आता बघताय काय? देवी वाट बघतेय. आणि मी चौऱ्याऐंशीची आहे, मीही फार वेळ वाट बघू शकत नाही. ए रनातवाल्या! माकडांचं वाजव."

म्हातारा वाजवू लागला. कोऊने चपला भिरकावल्या, आणि देवळापुढच्या फरसबंदीवर जाऊन कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"ये, जाड्या. पण बूट काढ. देवीपुढे बूट चालत नाहीत."

पा थबकले. सगळ्यांनाच कळलं का थबकले ते. बूट काढले की पाऊल पडणार; त्यांचं स्वतःचं. शपथेला दुसरी पळवाट नव्हती. नुअन गुडघ्यांवरच होती, त्यामुळे तिला सगळ्यात आधी दिसलं : पांचा हात नाडीकडे गेला. गाठ सुटेना. तिने मूला वितच्या हातांत दिलं, पुढे वाकली आणि सासऱ्याच्या बुटांची नाडी सोडली. आधी डावी. मग उजवी.

आजोबांच्या जागेवर पांचा अनवाणी पाय टेकला. गोरा, पातळ, निळ्या शिरांचा पाय. बुटांना काही वाटलं असेल तर ते बाजूला गप्प पडून राहिले.

आणि पा नाचले. चेहरा खांबासारखाच, पण खाली मात्र कुणीतरी निराळंच माणूस सुटलं होतं. गुडघे बाहेर काढून, कमरेत वाकून, एक हात कपाळावर धरून लंका शोधत. कान खाजवला. डावीकडे उडी, उजवीकडे उडी. कोऊ त्यांच्याभोवती बोटं मुरडत फिरत होती, प्रत्येक फेरीला "अयाई गं" म्हणत, आणि पा उडी मारताना दर वेळी आधी फरसबंदी चाचपत होते, फळी नाही ना याची खात्री करत. आमा चमच्याने कपावर ताल धरून होती. लिफ्टमधल्या परदेशी आजीबाई टाळ्या वाजवू लागल्या. त्यांना वाटलं हा हॉटेलचा कार्यक्रम. वित एका हातात मू घेऊन नदीकडे चिंतेने बघत होता, पोहून जायचं म्हणालो होतो ते कुणाच्या लक्षात आहे का म्हणून.

आणि मू खोकला नाही, हसला. दोन दात दाखवून, डुकरासारखं फुरफुरत. नुअनने त्याला घेतलं आणि त्याच्या नाकाखाली बोट धरलं. गरम, सरळ श्वास.

"काय भयंकर दिसतो हा हसताना," कोऊ धापा टाकत खाली बसली. "मेलं माकडाचं नातवंड!"

"तिला सांग," पा म्हणाले, मग थांबले. "तू गप गं," ते बहिणीला म्हणाले.

एवढंच. मग कुणाचं लक्ष नसताना ते अनवाणीच देवळाच्या मागच्या बाजूला गेले, जिथून गिरणीच्या जुन्या भिंतीचा तुकडा दिसतो.

आता कोऊ गुडघ्यांना तेल मागवतेय. आमा खरंच झोपलीय. मू नुअनच्या खांद्यावर आहे, ठीक आहे, त्याची काळजी नको. पण चाफ्याच्या फांद्यांतून नुअनला पांची पाठ दिसतेय, भिंतीला तोंड करून उभी, आणि खांदे हलतायत. हसतायत की काय, इथून कळत नाही. अशा वेळी सुनेने जाऊ नये. आणि मुलगा, म्हणजे वित, जाऊन बुटांबद्दल बोलेल. तुम्ही तिऱ्हाईत आहात, तुमची लाज वाटायची नाही त्यांना. जरा डोकावून येता का? काही बोलू नका, खांद्यावर हात ठेवू नका. नुसतं बघायचं. श्वास चालतोय ना, एवढंच.